होडीचे अकरा टवके

रविवार, तीन मे. सकाळी साडेसात. विहारामागचं अंगण.

हजर: मी, होडी समितीची सचिव. आमच्या कारखान्यातला फायबरचा मिस्त्री, सुट्टी मोडून माझ्या शब्दाखातर आलेला. पुतण्या, रात्रपाळी करून थेट आलेला, डोळे लाल. थोरल्या जाऊबाई, म्हणजे पुतण्याची आई, न बोलावता आलेल्या.

गैरहजर: आबा.

वहीत एवढंच आहे. वाचणाऱ्याला वाटेल, आबांना निरोप होता आणि ते आले नाहीत. निरोप मी पाठवलाच नव्हता. यादी करायची सवय मला शाळेपासूनची. कोण आलं, काय आणलं, काय राहिलं. कारखान्याच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं हेच करते. यादीत खोटं न लिहिताही खोटं बोलता येतं, हे मला माझ्याच वहीतून कळलं, आणि तेही पन्नाशीच्या तोंडावर.

आमची वाडी सावित्रीच्या काठाला, महाड आणि पोलादपूरच्या मधे. वर घाटात जोराचा पाऊस लागला की थोड्या वेळाने नदी आमच्या दारात. खालच्या आळीतली बारा घरं तेव्हा बेटासारखी तुटतात. मोठ्या पुरानंतर आमच्या मुंबईकर मंडळींनी फायबरची होडी पाठवली. पांढरी, बारा फुटी, दोन वल्ह्यांची. टेम्पोतून उतरली तेव्हा एवढी चकचकीत होती की बायका पदर सावरून तिच्यात तोंड बघत होत्या. समिती झाली, मी सचिव झाले, आणि वल्ही आबांकडे गेली. त्यासाठी ठराव करावा लागला नाही. पूल व्हायच्या आधी नदीवर लाकडी होडी चालवून माणसं अलीकडे-पलीकडे करायचे ते आबाच. सत्तरी उलटली तरी हाताचे पंजे वल्ह्यासारखेच रुंद. नदीत कुठे जुना बांध आहे, कुठे पाणी उलटं फिरतं, हे त्यांना पुराच्या पाण्यातही दिसतं.

तर गेल्या जुलैत पाणी आलं. सकाळी नऊ ते दुपारी एक, आबांनी होडीच्या तीन फेऱ्या केल्या. खालच्या आळीतली म्हातारी माणसं, दोन लेकुरवाळ्या आणि एक शेळी काढून आणली. शेळीवरून वाद झाला होता, पण शेळीवाली म्हणाली, ती नसेल तर मी पण नाय. तिसऱ्या फेरीला होडीचं टोक नदीघाटाच्या पायरीला लागलं. मी छत्री आणि वही घेऊन तिथेच उभी होते. खर्र असा आवाज झाला. तो मी ऐकला आणि लिहून ठेवला.

पाणी ओसरल्यावर होडी धुतली, उलटी केली आणि मी टवके मोजले. अकरा. दोन-तीन नखाएवढे, बाकीचे रुपयाएवढे, वरचा पांढरा थर उडून आतलं फायबर उघडं पडलेलं. नवी होडी. चालवणारा माणूस एकच. आवाज मी स्वतः ऐकलेला. माझ्या हिशेबात काही अडत नव्हतं.

ऑगस्टच्या सभेत मी यादी वाचली. टवके अकरा, होडी हाताळणारे आबा. कोणीतरी मागून म्हणालं, "आबा, होडी होती का म्हस, दगडाला घासायला?" सगळे हसले. आबाही थोडं हसले. मग म्हणाले, "एक माजा हाय. पायरीला लागली ती. बाकी धा माजे नाय."

मी विचारलं, "मग कुणाचे आहेत?"

"ते मला काय म्हाईत?"

"टवक्यावर नाव लिहिलेलं नसतं, आबा," मी म्हणाले. वही बंद करताना जरा जोरातच केली.

पुढे चर्चा झाली. वय झालं, नजर कमी झाली, लाकडी होडीचा हात फायबरला चालत नाही, असं सगळं. पुतण्याने तालुक्याला तीन दिवसांचं पूरबचावाचं शिक्षण घेतलं होतं, प्रमाणपत्र होतं. वल्ही त्याच्याकडे द्यायचं ठरलं. ठराव मी लिहिला. आपल्या घरातला पोरगा पुढे येतोय हे तेव्हा माझ्या मनात अजिबात नव्हतं, असं मी शपथेवर सांगणार नाही.

वल्ह्यांच्या खोलीची किल्ली आबांच्या करदोट्याला बांधलेली असायची. मागायला कुणाला जावं लागलं नाही. त्यांनी तिथेच गाठ सोडली आणि किल्ली माझ्या वहीवर ठेवली. त्यानंतर ते सभेला आले नाहीत. नदीवर संध्याकाळी बसायचे, तेही बंद झालं.

टवके भरायचं काम मात्र राहून गेलं. फायबर पूर्ण सुकल्याशिवाय हे काम होत नाही, म्हणून दिवाळीपर्यंत थांबलो. मग मिस्त्रीला वेळ नव्हता, मग मला नव्हता. दर महिन्याच्या यादीत "होडी: टवके" ही ओळ मी पुढच्या पानावर उतरवत राहिले. मे उजाडला. आता पुढे पाऊस, त्यामुळे टाळायला जागा उरली नाही.

मिस्त्री पोलादपूरकडचा. आमच्या कारखान्यात फायबरच्या टाक्या आहेत, त्यांची डागडुजी तोच करतो. बोलतो कमी, हात नेटका. त्याने सामान सतरंजीवर मांडलं आणि मी माझ्या यादीशी ताडून पाहिलं. जेलकोटचा, म्हणजे होडीच्या वरच्या पांढऱ्या थराच्या राळेचा, लहान डबा, ती घट्ट करणाऱ्या हार्डनरची बाटली, पांढऱ्या रंगाची पेस्ट आणि चिमूटभर पिवळी, ॲसिटोन, मास्किंग टेप, पत्र्याची पातळ पट्टी, पॉलिश पेपर खरखरीतपासून मऊपर्यंत पाच नंबरचे, प्लास्टिकचा पारदर्शक कागद. पिवळी कशाला, असं पुतण्याने विचारलं. मिस्त्री म्हणाला, "होडीनं बरंच ऊन खाल्लंय. आता ती पांढरी राहिलेली नाय. नुसतं पांढरं भरलंस तर कोड फुटल्यासारखी दिसेल."

होडी दोन ओंडक्यांवर पालथी घातली. मी खडूने प्रत्येक टवक्याभोवती गोल काढून आकडे टाकले. पाठीवर, म्हणजे होडीच्या तळावर, दोन ओळींत दहा. पुढच्या टोकाशी, कडेला, अकरावा.

मिस्त्रीने आकड्यांवरून बोट फिरवलं. मग बराच वेळ बघत राहिला.

"मॅडम, ही होडी कशावर आपटली म्हणालात?"

"घाटाच्या पायरीवर. घासली."

"घासली असती तर लांब ओरखडा उठला असता. हा बघा, अकरा नंबर. हा घासलेला आहे, दगडाची काळी रेघ पण आहे. हे दहा तसे नाहीत. मधे खड्डा आणि भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. वरून काहीतरी जड पडलं की असं होतं."

"तळावर वरून काय पडणार?" मी म्हणाले. "तळ तर पाण्यात असतो."

"पाण्यात असताना नाय," तो म्हणाला. "अशी पालथी असताना."

मला ऐकू आलं, पण मी पुढच्या कामाला लागले. टवक्याच्या कडा आधी मोकळ्या कराव्या लागतात. सुटं झालेलं, चिरलेलं सगळं काढून बशीसारखा उतार करायचा, नाहीतर नवा थर धरत नाही आणि पहिल्याच पाण्यात खपली निघते. मिस्त्रीने अणकुचीदार पट्टी माझ्या हातात दिली. एक नंबर मी उकरायला घेतला. ॲसिटोनच्या फडक्याने पुसलं. वरची माती गेली आणि आत गुलाबी रंग दिसला.

लाल माती असेल म्हणून पुन्हा पुसलं. फडक्याला रंग लागला नाही. तो धाग्यांच्या आत गेलेला होता. दोन नंबरला तसाच. चारला जांभळट. अकराव्यात काही नाही, तो कोरडा, करडा.

नेमक्या त्या वेळी जाऊबाई आल्या. कमरेवर पाटी, पाटीत रातांबे, आदल्या दिवशी फोडलेले. दोन्ही हात मनगटापर्यंत जांभळे. आल्या आणि होडीकडे बघून म्हणाल्या, "काय गो, यंदा आमी सोलं कुठं वाळवायची? तुमी तर होडी काढून बसलाव."

मिस्त्रीने जाऊबाईंच्या बोटांकडे पाहिलं, मग टवक्यांकडे. मी दोन्हीकडे पाहायचं टाळलं.

कोकमाचं काम ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. रातांबे फोडायचे, साली, म्हणजेच सोलं, रसात बुडवायच्या, मीठ लावायचं, उन्हात घालायच्या, परत रसात, परत उन्हात. आठ दिवस तरी चालतं. सपाट, स्वच्छ, तापणारी जागा लागते. कौलांवर माकडं येतात, अंगणात कोंबड्या. मागच्या वर्षी मेमध्ये शेड बांधून व्हायची होती आणि होडी उघड्यावर पालथी पडली होती. पांढरीशुभ्र, जमिनीपासून हातभर वर, तापून तव्यासारखी. कुणाला तरी सुचलं की हिच्यावर जुनी साडी घालून सोलं टाकावीत. सुचलं कुणाला, हे मी तेव्हापासून विसरून गेले होते.

"सुचलं तर तुलाच," जाऊबाई म्हणाल्या. पाटी खाली ठेवून त्या ओंडक्यावर बसल्या होत्या. "पाळ्या पण तूच लावल्यास. कागद चिकटवला व्हतास विहाराच्या दाराला. सोमवारी अमकी, मंगळवारी तमकी. माजी पाळी शुक्रवारी. आणि दगडं."

"दगडं कसली?" पुतण्याने विचारलं.

"साडी उडायची रं वाऱ्यानं. चार वाजलं की नदीवरून वारा सुटतो, आख्खी सोलं अंगणात. मंग दगडं ठेवली काठाला. दोन्हीकडं पाच-पाच. पळत जायचं नि आदळायची. कोण हळू ठेवतंय तवा?"

दोन्हीकडे पाच-पाच. माझ्या खडूचे आकडे समोर होते. एक ते पाच, सहा ते दहा.

मी जाऊबाईंना विचारलं, "ऑगस्टमध्ये का नाही बोललात, ताई?"

"मला तवाच वाटलं व्हतं," त्या म्हणाल्या. "पण सोलं सगळ्यांचीच व्हती. आणि तू वही घेऊन उभी. तुझ्या वहीत नवऱ्याच्या चपलांचा नंबर पण असतो. म्हटलं, वही म्हणते तर आसंल."

पुतण्या हसला. मग आईकडे बघून थांबला.

मिस्त्रीने घसा साफ केला. त्याला आमच्या वाडीचं काही माहीत नव्हतं, पण माणूस हुशार. म्हणाला, "मॅडम, रंग आत शोषलाय. वरून जेल टाकलं तर खालून गुलाबी दिसू शकेल. पण पेस्ट जरा जास्त घालू. झाकून जाईल. कुणाला कळणार नाय."

मला ते ऐकून बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं होतं. झाकून जाईल. अकरा टवके भरले, होडी तयार, वहीत एक टिक. आबा काही विचारायला येणार नव्हते. मी पट्टी हातात धरून किती वेळ थांबले माहीत नाही. शेवटी जाऊबाईंच्या समोर मला ते जमलं नाही, हेच खरं कारण. त्या तिथे नसत्या, मी आणि मिस्त्री दोघेच असतो, तर काय केलं असतं ते मला ठाऊक आहे.

"उकरून काढू," मी म्हणाले. "पांढरं लागेपर्यंत."

दहा टवके पांढरं लागेपर्यंत उकरायला अकरा वाजले. तीन इतके खोल गेले की आत आधी काचेच्या धाग्याचा तुकडा राळेत भिजवून बसवावा लागला. मग भोवती टेप. जेलकोट बाटलीच्या झाकणात थोडा थोडा कालवायचा. हार्डनर थेंब मोजून. मेच्या उन्हात ते मिनिटांत आळतं, म्हणून पुतण्याने घरून ताडपत्री आणून सावली केली. टवका भरताना जरासा उंच भरायचा, कारण सुकल्यावर घासून सपाट करायचा असतो. आणि वरून प्लास्टिकचा कागद दाबून लावायचा. हवा लागली तर हे कितीही तास ठेवा, वरून चिकटच राहतं. हवा तोडली की सुकतं. मिस्त्रीने एक करून दाखवला, बाकीचे मी केले. माझा हात चांगला चालत होता. कामात मी कधी कमी पडत नाही, अडचण तिथे नाहीच.

दहा भरून झाले आणि झाकणातलं जेल संपलं. मिस्त्री अकराव्यासाठी पुन्हा कालवायला लागला, तेव्हा मी म्हणाले, "तो राहू दे."

का म्हणाले ते तेव्हा मला नीट माहीत नव्हतं.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी घरी येऊन मागच्या वर्षीची वही काढली. मेचं पान सापडायला वेळ लागला नाही, माझ्या वह्यांना कोपऱ्यात महिने लिहिलेले असतात. सोलं वाळवण्याच्या पाळ्या होत्या. खाली माझ्याच अक्षरात: "वाऱ्याने साडी उडते. लहान दगड पुरत नाहीत. नदीवरून मोठे आणणे: १०." आणि पुढे टिक.

ऑगस्टच्या सभेला हीच वही माझ्या हातात होती. तीन महिने मागची पानं उलटायची होती फक्त. मी उलटली नाहीत. नुसतं विसरले होते, की कुठेतरी माहीत होतं म्हणून उलटली नाहीत, याचा मी खूप विचार केला. होडी धुताना गुलाबी रंग मी तेव्हाही पाहिला होता, आणि मनात म्हटलं होतं, माती. आपल्या इथल्या पुराची माती गुलाबी नसते. मी इथे जन्मले नाही, पण इथे नांदून सत्तावीस वर्षं झाली.

त्याच संध्याकाळी आबांच्या घरी गेले. ओटीवर बसून ते जाळ्याला गाठी मारत होते. नजर कमी झाली म्हणतात त्या माणसाने सुईत दोरा एका फटक्यात ओवला. माझ्यासाठी त्यांनी पाट सरकवला.

"बस, सूनबाई. वही नाय आणलीस?"

"नाही आणली."

"मंग गंभीर काम आसंल."

मी सगळं सांगितलं. सोलं, साडी, दगड, दहाचा आकडा, वहीतली ओळ. सांगताना मुद्दे सोडले नाहीत. शेवटी म्हणाले, "चूक माझी होती, आबा. माफ करा."

ते गाठी मारत राहिले. मग म्हणाले, "मला म्हाईत व्हतं सोलांचं."

मी पाटावर पुढे सरकले.

"रोज सांजच्याला नदीवर बसायचो नव्हं मी. तुमी पोरी दगडं कशी टाकायच्या ते दिसायचं. एकदा म्हटलं पण, हळू गो. एकीनं आयकलं नाय."

"मग सभेत का नाही सांगितलंत?"

"सांगितलं ना. धा माजे नाय म्हटलं. आनि काय सांगू? बारा घरच्या लेकीसुनांची नावं घेऊ? तुजं घेऊ?" त्यांनी दोरा दाताने तोडला. "तू आता आलीस, बरं वाटलं. पन हे तू माज्या ओटीवर सांगतेस. तवा सांगितलंस ते कुठं?"

"सभेत."

"मंग सभेत सांग. तितं गेलंय, तितनंच येऊ दे."

मी हो म्हणाले. निघताना त्यांनी विचारलं, "माजा एक भरलाव काय?"

"नाही. तो ठेवलाय."

"ठेव. माजा मी भरीन. सभा झाली की येतो. त्या मिस्तरीला म्हणावं, थोडं औषध ठेव माज्यासाठी."

मी चार पावलं गेले तेव्हा ते मागून म्हणाले, "आनि तुज्या पुतण्याला सांग, पानी आलं की जुन्या बांधाच्या अंगानं जायाचं नाय. वरून सपाट दिसतं, पन तितं पानी होडी आत वढतं. परमानपत्रात ते लिवलेलं नसतंय."

पुतण्याला मी निरोप दिला. तो म्हणाला, "काकी, मला बांध कुठे आहे तेच माहीत नाही. आणि पाणी आलं तेव्हा माझी पाळी असेल तर? गेटवरून सोडतील का मला?" हा प्रश्न ऑगस्टमध्ये कुणीच विचारला नव्हता, त्यानेसुद्धा. "आबांनाच सांगा ना परत," तो म्हणाला. "मी पुढे बसतो त्यांच्या. शिकतो." तेव्हा सगळं सोपं झालं होतं. उरलं होतं ते फक्त माझं दोन मिनिटांचं बोलणं.

सभा सतरा मेला. विषयपत्रिका मीच काढली. एक, दोरखंड. दोन, जॅकेटं. तीन, बॅटऱ्या. चार, पावसाळ्यातल्या पाळ्या. पाच, होडीची दुरुस्ती. पाचव्यातच सांगायचं असं मी ठरवलं. पहिलाही करता आला असता. मी पाचवा केला.

आबा आले. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. दाराशी, चपलांच्या जवळ बसले. धुतलेला सदरा घातला होता. जाऊबाई बायकांत बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मुंबईहून आलेली चार मंडळी होती, त्यांना वीर स्टेशनवर गाडी पकडायची होती आणि रिक्षा बाहेर उभी होती. दोरखंडावर अर्धा तास गेला. जॅकेटांवर त्याहून जास्त. चौथा विषय पुढच्या सभेवर ढकलला. रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

मी उभी राहिले. "विषय पाच. होडीचे एकूण टवके अकरा. पैकी दहा भरून, घासून, पॉलिश करून पूर्ण. एक शिल्लक."

पुढचं वाक्य मी चार दिवस पाठ केलं होतं. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "सचिवबाईंनी स्वतःच्या हाताने काम केलंय. नवी करून ठेवलीय होडी." मुंबईकरांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, अभिनंदनाचा ठराव घ्या. घेतला. एकमताने.

मला मध्येच बोलता आलं असतं. टाळ्या थांबल्यावरही बोलता आलं असतं, चांगलं अर्धं मिनिट होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आभारी आहे."

आबा उठले. त्यांनी सावकाश चपला घातल्या, उजवी, मग डावी. माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

ठराव लिहायचं काम सचिवाचं. माझ्या अभिनंदनाचा ठराव मी माझ्या अक्षरात लिहिला, आणि खाली सही केली.

घरी येताना जाऊबाई माझ्याबरोबर चालत होत्या. वाटेत म्हणाल्या, "मी सांगू काय पुढच्या सभेत उठून?"

"नको. मीच सांगायला हवं."

"सांगायला तर हवं," त्या म्हणाल्या. "सोलांच्या पाळ्यांचा कागद चिकटवायला एवढा वेळ लागला नव्हता तुला."

आज चोवीस मे. दुपारनंतर पोलादपूरच्या डोंगरांवर ढग दाटतात आणि संध्याकाळी परत जातात. पुढची सभा एकतीसला. या वेळी विषयपत्रिकेत पहिलीच ओळ लिहिली आहे: "टवके एक ते दहा कुणाचे, याबद्दल सचिवांचं निवेदन. आबांकडे वल्ही परत देण्याचा ठराव." लिहून चार दिवस झाले. विहाराच्या दाराला अजून चिकटवलेली नाही. कागद वहीत घडी घालून आहे. रोज सकाळी घेऊन निघते, कारखान्याच्या बसला उशीर होतो, संध्याकाळी तसाच परत आणते.

मिस्त्रीने आबांसाठी थोडं जेल लहान बाटलीत दिलंय. ते माझ्या फ्रिजच्या दारात आहे, कोकमाच्या आगळाच्या बाटलीशेजारी. बरोबर हार्डनरची चिमुकली बाटली वेगळ्या डब्यात, एकत्र ठेवायची नाही. "महिनाभर टिकेल मॅडम, जास्त धरू नका," असं तो म्हणाला आहे.

अकराव्या टवक्याभोवती त्या दिवशी टेप लावलेली होती. उन्हात टेप फार दिवस राहिली की तिचा डिंक चिकटून बसतो आणि काढताना वरचा थर खराब होतो, म्हणून दर दोन दिवसांनी मी ती काढून नवी लावते. आज संध्याकाळीही लावली. होडी पालथी आहे. दहा जागा बोट फिरवूनही सापडत नाहीत. अकरावी सापडते.